माझ्या नावाचं पाकीट

आमच्या घराची पडवी महिला मंडळाला दिली होती ती एका पावसाळ्यापुरती. आईने नानांना तसंच सांगितलं होतं, आणि नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नेहमीसारखी मान हलवली होती. इगतपुरीच्या आसपासच्या गावांत पाऊस चार महिने हटत नाही. भिंतींना ओल चढते, कपड्यांना वास येतो, काडेपेटी चुलीजवळ ठेवावी लागते. अशा गावात आमची पडवी कोरडी होती, कारण नाना रेल्वेत गँगमन होते आणि त्यांना पत्रा कसा ठोकायचा ते कळत होतं. म्हणून कुमुदताईंनी पोह्यांचं मशीन आमच्याकडे उतरवलं. कुमुदताई नाशिकच्या. नवरा बँकेत, मुलगा मोठा झालेला, आणि त्या आठवड्यातून दोनदा जीप घेऊन आमच्याकडे यायच्या. त्यांच्यामुळेच मंडळ उभं राहिलं. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, तसे मग सात गेले, आणि मशीन आमच्या पडवीतून हललं नाही.

लाइट आली की मोटार लावायची. लाइटीची वेळ ठरलेली नसे, त्यामुळे घरातल्या कुठल्याच गोष्टीची वेळ ठरलेली नसे. मोटार सुरू झाली की मांडणीवरची भांडी थरथरत, देव्हाऱ्यातली घंटी आपोआप किणकिणत राही, आणि आम्ही सगळे ओरडूनच बोलत असू. मशीन बंद झाल्यावरही काही वेळ आवाज मोठाच राहायचा. मग कुणाच्या तरी लक्षात यायचं आणि घर एकदम गप्प व्हायचं. मागच्या दारी भट्टी होती. रात्रभर कोमट पाण्यात भिजलेलं भात तिथे तापल्या वाळूत भाजायचं, चाळायचं आणि गरम असतानाच मशीनमध्ये टाकायचं. भाजल्या भाताचा वास सुरुवातीला गोड लागतो. पुढे तो केसांत, गोधडीत, वह्यांच्या पानांत बसला. कोंडा तर अंगाला इतका चिकटायचा की वर्गातल्या मुली माझ्याशेजारी बसायच्या आधी बाक पुसून घेत. मशीनमधून जो चुरा पडायचा तो विकला जात नसे, तो आमच्या ताटात यायचा. सकाळी कांदा-मिरची घालून चुरा, दुपारी भाकरी आणि खुरासणीची चटणी, संध्याकाळी कधी ताकात कालवलेला चुरा. आजही कुणाच्या घरी मुलगी बघायच्या कार्यक्रमाला गेले आणि पोह्यांची बशी समोर आली, की मी फक्त चहा मागते. लोकांना वाटतं मला पित्त आहे.

घरात माझी अशी जागा एकच होती, माळा. शिडी चढून जायचं आणि वाकूनच बसायचं. पत्र्याला डोकं लागे. पाऊस असला म्हणजे तिथे स्वतःचं वाचणंही ऐकू येत नसे. मी दहावीचा आणि बारावीचा अभ्यास तिथे केला, आणि त्यातही दर अर्ध्या तासाला खालून हाक यायची, "सुमे, पट्टा निसटला." "सुमे, पाव्हणे आलेत, त्यांना काय ते सांग." "सुमे, ह्या पिशवीवर काय लिवलंय?"

मला आईवर अन्याय करायचा नाही. ती या गावात सून म्हणून आली तेव्हा सोळा वर्षांची होती. पुरुषमाणूस ओसरीवर असला तर ती मागच्या दाराने ये-जा करी. भात घेऊन घोटीच्या बाजारात गेली तर व्यापारी मूठभर दाणे हातात घेई, तोंड वाकडं करी आणि सांगेल तो भाव. ती बाहेर पायरीवर बसून राही. मशीन आल्यावर दोन वर्षांत तोच माणूस आमच्या पडवीत येऊन पोह्यांसाठी थांबू लागला, आणि आई त्याला म्हणाली, "बसा. आधीच्यांचं होऊ द्या." त्या दिवशी तिने संध्याकाळी न सांगता गुळाचा चहा केला, आणि सगळ्या बायकांना दिला. मंडळाच्या बैठकीत ती खुर्चीवर बसायला लागली. आधी कडेवर, मग नीट मागे टेकून.

आणि गाव बदललं होतं, हेही खरं आहे. आमच्याकडे भाताचं एकच पीक. दिवाळी झाली की बायका पोराबाळांसकट दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या बागांत जायच्या आणि पार उन्हाळ्यात परतायच्या. शाळेचे वर्ग अर्धे रिकामे व्हायचे. आमच्या शेजारच्या ताराकाकूंच्या दोन मुली अशाच चौथीत सुटल्या होत्या. मंडळ सुरू झाल्यावर अठरा घरांतल्या बायका गावातच राहिल्या. त्यांची धाकटी मुलं शाळेत टिकली. मास्तर हे सगळ्यांना सांगायचे. आता मला अधूनमधून कुणी भाषणाला बोलावतं, ग्रामीण उद्योग आणि विकास अशा विषयावर, तेव्हा मीही हेच सांगते. त्यात एक शब्द खोटा नाही. फक्त पुढचं मी कधी सांगत नाही.

मंडळात दहावीच्या पुढे शिकलेली मी एकटी होते. बायका भट्टी सांभाळत, चाळत, भरत, पण कागद आला की माझ्याकडे. नाशिकच्या दुकानदारांना चिठ्ठ्या मी लिहायची, मोटारीचा मिस्त्री बोलवायला मीच जायची. साहेब लोक पाहायला आले की भात भिजवण्यापासून पिशवी शिवण्यापर्यंतची सगळी माहिती मी सांगायची, आणि ती इतकी पाठ झाली होती की मध्ये मला वेगळाच विचार करता येत असे. कुमुदताई पाहुण्यांना म्हणायच्या, "सुमन आमचा कणा आहे." मला बरं वाटायचं. सतराव्या वर्षी कुणी असं चारचौघांत म्हटलं की बरं वाटतंच. कणा झालेल्याला जागचं हलता येत नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मला नर्स व्हायचं होतं. याचं कारण मोठं नाही. मी अकरावीत असताना नानांच्या पायावर लोखंडी पहार पडली आणि आठ दिवस ते इगतपुरीला रेल्वेच्या दवाखान्यात होते. सोबतीला मी राहिले. तिथे एक मध्यमवयीन सिस्टर होती, फार बोलायची नाही. काम झालं की वॉर्डचं दार हलकेच ओढून घ्यायची. तिच्या कमरेला क्वार्टरच्या खोलीची किल्ली असायची. ती ड्यूटी संपवून, किल्ली हातात घेऊन, मोकळ्या हाताने छत्री उघडून निघायची, आणि मी खिडकीतून ती दिसेनाशी होईपर्यंत बघायची. तिला हाक मारायला मागून कुणी येत नसे. आजाऱ्यांची सेवा वगैरे शब्द मी मुलाखतीत बोलले. खरं तर मला त्या किल्लीचं दार हवं होतं.

बारावी झाल्यावर हेडमास्तरांनी फॉर्म आणून दिला. नाशिकला एका दवाखान्याचा नर्सिंगचा कोर्स होता, मुलींची राहायची सोय होती. नाना मला मुलाखतीला घेऊन गेले. घरी आल्यावर आईने एवढंच विचारलं, "किती वर्षं?" मी सांगितलं. ती भट्टीकडे गेली. निवड झाली तर रजिस्टर पत्र येईल, असं मला सांगितलं होतं. मी रोज पत्राची वाट पाहू लागले.

त्याच दिवसांत कुमुदताईंनी मला बाजूला घेतलं. जीपच्या मागच्या सीटवर बसवलं, कारण घरात दोन माणसांनी बोलावं अशी जागाच नव्हती. बाहेर पाऊस धो धो. त्या म्हणाल्या, "सुमन, दुसरं मशीन मंजूर होतंय. शेजारच्या दोन गावांतल्या बायका यायला तयार आहेत. मला तू इथे व्यवस्थापिका म्हणून हवी आहेस."

"ताई, मी फॉर्म भरलाय नर्सिंगचा."

"माहीत आहे. तू गेलीस तर मला आनंदच होईल. खरंच. मी तुला अडवणार नाही." मग त्या म्हणाल्या, "फक्त तू नसताना हे कोण बघेल, ते मला सांग. तू नाव सांग, मी तिला तयार करते."

मी एकेक नाव डोळ्यांसमोर आणलं. ताराकाकूंना अक्षर येत नव्हतं. बाकीच्याही तशाच. सरपंचांची सून शिकलेली होती, पण तिच्या हातात गेलं की मंडळ सरपंचांच्या वाड्यात गेलं असतं, आणि माझी आई पुन्हा पायरीवर. कुमुदताईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी मला प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, इतकंच.

मग पाहणीला लोक आले. दुसऱ्या मशीनचं ठरवायला मुंबईहून आणि नाशिकहून पाच-सहा जण. पडवी शेणाने सारवली, बायकांनी एकसारख्या हिरव्या साड्या नेसल्या. मी माहिती सांगितली. मग त्यांच्यातल्या एका बाईंनी आईला विचारलं, की हे सगळं पुढे कसं टिकणार, शिकलेली मुलं तर गाव सोडून जातात. आई उभी राहिली. एरवी ती पाहुण्यांसमोर चार वाक्यांच्या वर बोलत नसे. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ही माझी लेक हाय. ही कुठं जायची नाय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुमुदताईंनीही वाजवल्या, पण माझ्याकडे बघितलं नाही. आईचा हात जड होता, आणि पाहुणे चहाला बसेपर्यंत तिने तो काढला नाही.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी गावचा पोस्टमन वाटेत भेटला. वयस्क माणूस, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, सायकल चिखलातून ढकलत चाललेला. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "काका, माझं काही?"

तो थांबला. "आता आणखी काय यायचंय? तुझं रजिस्टर आलं ना मागल्या आठवड्यात."

"माझं?"

"तुझंच. तू मिस्त्रीकडं गेलेली. आईनं घेतलं." आणि मग त्याचा चेहरा उजळला. "अगं, सही केली तिनं. मी शाईचं पॅड काढलं, तर म्हणली, अंगठा नको, मला सही येती. इतकी वर्षं मी या गावात टपाल वाटतो, तुझ्या आईचा अंगठाच घेत आलो. मला लय बरं वाटलं बघ."

त्याने पिशवीतून वही काढली आणि माझ्या छत्रीखाली धरून मला ते पान दाखवलं. आईची सही होती. तिला सही मी शिकवली होती, गेल्या उन्हाळ्यात, चुलीपुढे, पाटीवर. 'य'चा उभा दांडा ती नेहमी खाली ओढायची. इथेही तो खालच्या रेघेपर्यंत ओढलेला होता. शेजारी तारीख होती. पाहणीच्या आधीची.

मी घरी आले तेव्हा लाइट होती आणि मशीन चालू होतं. पाच-सहा बायका कामाला बसलेल्या. मी सरळ जाऊन बटण बंद केलं. ताराकाकू म्हणाल्या, "काय गं, अडकलं का काय?" आई भट्टीकडून आत आली, हातात झारा. माझं तोंड पाहून तिने झारा खाली ठेवला.

"पत्र कुठंय?" मी विचारलं.

तिने कुठलं पत्र असं विचारलं नाही. देव्हाऱ्यापाशी गेली, देवांच्या तसबिरीमागून पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. फोडलेलं नव्हतं. "फाडलं नाय मी," ती म्हणाली. "देवापुढं ठिवलं हुतं."

"दिलं का नाहीस?"

"दिलं असतं तर तू गेली असतीस."

बायका ऐकत होत्या. मी पाकीट फोडलं. माझी निवड झाली होती. कागदपत्रं घेऊन हजर राहायची शेवटची तारीख दिली होती, आणि ती तारीख आजचीच होती. दुपारचे तीन वाजून गेले होते.

"तुला काय वाटतं, मला बरं वाटलं?" आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "ह्या ताराला विचार. तिच्या पोरी पुन्यांदा बागंत गेलेल्या तुला चालंल का? मला वाचता येत नाय, सुमे. तू गेलीस की महिन्याभरात हे मशीन उचलून नेतील. मला मग कोण विचारतंय."

ताराकाकू उठल्या. त्यांनी पदराने हात पुसले आणि मला म्हणाल्या, "तू जा, पोरी. आमचं आम्ही बघू." पण ते म्हणताना त्या रडायला लागल्या, आणि मग त्या वाक्याला काही अर्थ राहिला नाही.

नाना संध्याकाळी कामावरून आले. मी पत्र दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, आईकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "सकाळच्या गाडीनं जाऊ. एक दिवसाचं काय, सांगू पाऊस होता." दुसऱ्या दिवशी आम्ही पॅसेंजरने नाशिकरोडला उतरलो. नानांनी रेल्वेचा स्वच्छ गणवेश घातला होता, कुठे वजन पडावं म्हणून. दवाखान्याच्या ऑफिसातल्या कारकुनाने आमचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला की काल संध्याकाळी वेटिंग लिस्टमधल्या मुलीला तार केली, ती पोचलीसुद्धा. नाना म्हणाले, "साहेब, एखादी खाट जास्तीची?" कारकून म्हणाला, "पुढच्या वर्षी भरा ना फॉर्म. मुलगी हुशार आहे, होईल."

ती मुलगी बाहेर बाकावर बसली होती. नांदगावची. सोबत वडील, पायाशी नवी कोरी पत्र्याची ट्रंक. तिने सरकून मला जागा दिली आणि विचारलं, "तुझाही इथंच नंबर लागला का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मला तर वाटलंच नव्हतं. रात्रभर झोप नाही." तिच्या हातात नायलॉनच्या दोरीत ओवलेली छोटी किल्ली होती, ट्रंकेची असावी. मी तिला शुभेच्छा दिल्या की नाही ते आठवत नाही. दिल्या असाव्यात. मला बोलायची सवय होती.

परतीच्या गाडीत नाना बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. अस्वली स्टेशन गेल्यावर म्हणाले, "तुझी आई वाईट नाय." मग ते म्हणाले, "मी घरी असतो आणि पत्र माझ्या हातात आलं असतं, तर मी काय केलं असतं, ते मलाच सांगता येत नाय." मला नानांचा राग आला तो फक्त त्या एका वाक्यामुळे. आईचा आला नाही तेवढा. कारण त्यांच्याकडून तरी मला दुसरं काही ऐकायचं होतं.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. आईने तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी केली होती, माझ्या आवडीची. तिने विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. मी जेवले. जेवून हात धुतला आणि दुसऱ्या दिवसाचं भात भिजत घातलं, कारण ते घातलं नसतं तर सकाळी अठरा बायका येऊन नुसत्या बसल्या असत्या.

पुढच्या वर्षी फॉर्म निघाले तेव्हा कुणीही काही लपवलं नाही. हेडमास्तरांनी स्वतः आणून दिला. मी तो माळ्यावर नेऊन ठेवला. दुसरं मशीन आलं होतं, तीन गावांच्या बायका येत होत्या, मला भेटायला अधिकारी येत, आणि मी बोलू लागले की ते लिहून घेत. मी त्या कामात चांगली होते. हे मला सगळ्यात जास्त लागतं, आजही. वाईट असते तर कुणीतरी मला सोडलं असतं. फॉर्मची मुदत गेली त्या दिवशी मी इगतपुरीला पिशव्या शिवायचं मशीन बघायला गेले होते. दिवसभर मला ती तारीख आठवलीसुद्धा नाही, आणि आठवली तेव्हा मला बरंच वाटलं, की आता ठरवायचं काही राहिलं नाही. मी त्या मंडळात अकरा वर्षं काढली. लग्न झालं तेही जवळच्याच गावात, काम सुटू नये म्हणून. ताराकाकूंची धाकटी नात आज शिक्षिका आहे. तिने माझ्या पाया पडून पेढे दिले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्याच आनंदात आणखी काहीतरी होतं, त्याला काय म्हणायचं मला माहीत नाही.

आई आणि मी त्या पत्राबद्दल पुन्हा कधी बोललो नाही. भांडलो पुष्कळ, मिठावरून, नातवंडांवरून, मंडळातल्या कुणाकुणावरून. त्यावर नाही. नाना गेले तेव्हाही नाही.

गेल्या वर्षी आईला न्यूमोनिया झाला. नाशिकला आठ-नऊ दिवस दवाखान्यात ठेवलं. तिची देखभाल करणारी नर्स विशी-बाविशीची होती, बागलाणकडची, बोलताना मधूनच अहिराणी यायची. एका दुपारी ती सलाईन बदलायला आली आणि आईच्या हाताची शीर शोधता शोधता सहज म्हणाली, "आजी, तुमची लेक भारी काळजी घेते. सगळं बरोबर समजतं यांना." आई डोळे मिटून पडली होती. तिने डोळे न उघडताच सांगितलं, "तिला नर्सच व्हायचं हुतं. निवड झाली हुती."

"मग? काय झालं?" नर्सने विचारलं. तिचं लक्ष सुईकडे होतं.

मला वाटलं आईला झोप लागली असेल. मग ती म्हणाली, "मी जाऊ दिलं नाय."

नर्सने मान वर करून आधी आईकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी आईचा हात सरळ धरला, बोटाने चाचपला आणि नर्सला म्हटलं, "या हाताची शीर सापडणार नाही. दुसरा बघा." ती दुसऱ्या बाजूला गेली. आईचा तो हात मी सोडला नाही. तो आता अगदी हलका झाला होता.